मठातल्या दत्तजयंतीची तयारी: कशाच्या आधी काय करायचं

कोकणातल्या मठांत दत्तजयंतीला माणसं कमी पडत नाहीत. वाडीवाडीतून हात येतात, मुंबईचे चाकरमानी येतात, नारळ-तांदूळही वेळेवर पोचतात. घोळ होतो तो क्रमाचा. माटव (मांडव) उभा राहतो आणि मग आठवतं की विहिरीत औषध पडलेलं नाही. पानं मांडली जातात आणि नैवेद्य अजून चुलीवर असतो. सगळ्यात वाईट म्हणजे पंगती आणि सत्कार लांबतात आणि जन्माची वेळ निघून जाते. ज्या क्षणासाठी सात दिवस पोथी वाचली, तोच क्षण धावपळीत हुकतो. तो हुकू नये, एवढ्यासाठी हा लेख.

इथे मध्यम आकाराचा मठ गृहीत धरला आहे: गुरुचरित्राचा सप्ताह, जयंतीच्या दिवशी दुपारी ८०० ते १००० माणसांचा महाप्रसाद, संध्याकाळी जन्म, त्यानंतर पालखी आणि भजन. काही मठांत महाप्रसाद जन्मानंतर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पारण्याला होतो. तुमची रीत तशी असेल तर वेळा सरकवा, क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा १: तिथी पक्की करा आणि तिथून उलटं मोजा

दत्तजन्म मार्गशीर्ष पौर्णिमेच्या प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास होतो. ज्या संध्याकाळी पौर्णिमा असेल, तो दिवस जयंतीचा. सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते पाहून दिवस ठरवणं ही नेहमीची चूक. २०२४ सालचंच पाहा. पौर्णिमा १४ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास लागली आणि १५ला दुपारी अडीचच्या सुमारास संपली. १५च्या सकाळी पौर्णिमा होती, संध्याकाळी नव्हती, म्हणून जयंती १४लाच झाली. दोन पंचांगं समोर ठेवा, पुरोहितांना विचारा आणि तारीख मठाच्या वहीत लिहून टाका.

मग सप्ताहाचा आरंभ ठरवा. समाप्ती जयंतीच्या दिवशी करायची तर त्या दिवसासकट सात दिवस मोजायचे. जयंती १४ला असेल तर पोथी ८ला लागते. सात वजा करून ७ तारखेला बसणारे वाचक पुष्कळ, आणि मग शेवटचा दिवस रिकामा राहतो.

चाकरमान्यांसाठीही हीच मोजणी उपयोगी पडते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोजागिरी ते दत्तजयंती हे अंतर दोन चांद्रमासांचं, म्हणजे सुमारे ५९ दिवसांचं. माणसं जयंतीच्या एक-दोन दिवस आधी गाडीत बसणार, तेव्हा कोजागिरीच्या आठवडाभर आधी तारीख मुंबईत कळलेली हवी. पत्रिका छापून होईपर्यंत थांबू नका, नुसती तारीख कळवा.

तपासा: जयंतीची तारीख, सप्ताहाचा आरंभ आणि त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ एकाच कागदावर लिहून कोठीच्या दारावर लावली का?

टप्पा २: गाऱ्हाणं, परवानग्या आणि गाड्यांची जागा

पहिला नारळ ग्रामदेवतेसमोर. गाऱ्हाणं (देवापुढची गावाची विनवणी) घालून झालं, मानकऱ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं, की मग बैठक. हा मान चुकला तर पुढे कामाला हात लागत नाहीत, आणि लागू नयेत हेच योग्य. मठ गावाचा आहे.

बैठकीत माणसं कामांवर नेमा, नुसती समितीत नको. पाणी, माटव, कोठी, चूल, पंगत, पारायण, पालखी, हिशेब: प्रत्येक कामाला एक नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरं. चुलीवरच्या माणसाला पंगतीचं काम देऊ नका, दोन्ही एकाच वेळी पेटतात.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, सरकारने वर्षातले जे मोजके दिवस सवलतीचे ठरवलेले असतात त्या दिवशी रात्री १२ पर्यंतची सूट तेवढी सोडून. तुमचा दिवस त्यात आहे का ते विचारूनच डबलबारीची (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची) आणि दशावताराची वेळ ठरवा. पहाटेच्या काकड आरतीलाही हा नियम लागतो, याचा बहुतेकांना विसर पडतो. काकड आरती गळ्यावर आणि झांजांवरच चांगली लागते. विजेची तात्पुरती जोडणी महावितरणकडून घ्या, आकडा नको. महाप्रसादासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे काय नोंद करावी लागते ते विचारा. मठाचा न्यास नोंदलेला नसेल तर वर्गणीचं पावतीपुस्तक छापण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढा.

गाड्या लावायला कापणी झालेला मळा लागतो. त्यासाठी मालकाशी बोलायचं ते कापणीच्या आधी. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, चवळी पेरली जाते. एकदा पेर पडली की त्या शेतात गाडी घालायला सांगणं म्हणजे त्याचं पीक मागणं.

टप्पा ३: पाणी

हे काम मांडवाच्या आधी घ्या. विहिरीभोवती खळं (अंगण) सारवून झालं, माटव पडला, की तिथे चिखल करता येत नाही.

अंदाज असा धरा: पिणं, हात धुणं, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी १० लिटर. १००० माणसांना १०,००० लिटर. विहिरीला एवढा उपसा झेपतो का ते पंधरा दिवस आधी पंप लावून पाहा. उपसल्यावर पाणी किती वेळात चढतं ते काठावर खूण करून मोजा. चढायला रात्र लागत असेल तर टाक्या आदल्या रात्रीच भरून ठेवाव्या लागतील.

शुद्धीकरणात सर्वात जास्त चुका होतात. कुणीतरी ‘एक ओंजळ’ टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विहिरीत फेकतो आणि झालं म्हणतो. तसं करू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५ म्हणजे घनमीटर, आणि एका घनमीटरला १००० लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगल्या टीसीएलचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग पाणी घालून बादली पाऊण भरा आणि ढवळून दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा. ती बादली दोरीने विहिरीत सोडा आणि खाली-वर, इकडे-तिकडे हलवत पाणी मिसळा. खाली बसलेला चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. तासभर उपसा बंद. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहणारी) करून घ्या. नळीतलं पाणी पिवळं झालं पाहिजे. न झाल्यास पुन्हा मात्रा. हे आदल्या रात्री करायचं आणि टाक्या त्यानंतर भरायच्या. आधी भरलेल्या टाकीत औषध पोचत नाही.

खबरदारी: उघडं पडलेलं जुनं टीसीएल निकामी होतं. पुडा कधी फोडला ते विचारा. वास उग्र येत नसेल तर वापरू नका.

सांडपाण्याचा चर याच टप्प्यात खणा. हात धुण्याची जागा आणि भांडी घासण्याची जागा विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूला हवी. चर माडांच्या आळ्यांत सोडला तर पाणी वाया जात नाही.

टप्पा ४: खळं आणि माटव

पावसाळ्यात खळ्यावर गवत आणि शेवाळ माजतं. गवत मुळासकट काढा, वरचा थर उकरून मोडा, दगड वेचा, पाणी शिंपडून एक रात्र मुरू द्या. दुसऱ्या दिवशी चोपण्याने चोपून घ्या. चोपताना माती हाताला चिकटत असेल तर ओल जास्त आहे, थांबा. भुगा उडत असेल तर कमी आहे, पुन्हा शिंपडा. चोपून झाल्यावर दोन दिवस वाळू द्या, मग शेणाचं पहिलं सारवण पातळ, ते पूर्ण सुकल्यावर दुसरं. घाईने एकच जाड हात दिला तर भेगा पडतात, पपडे सुटतात आणि पंगतीला बसलेल्यांच्या पानात धूळ येते. या सगळ्याला आठवडा लागतो. सप्ताहाच्या आरंभाआधी खळं तयार हवं, म्हणून जयंतीच्या तीन आठवडे आधी फावडं लागलं पाहिजे.

मेढी (माटवाचे खांब) पुरण्याचे खड्डे मात्र सारवणाच्या आधी. खळं गुळगुळीत झाल्यावर पहारीने खड्डे मारणारे लोक मी पाहिले आहेत आणि मग सारवणाऱ्या बायांच्या तोंडाकडे बघवत नाही.

मेढींवर पोफळीचे किंवा बांबूचे वासे, त्यावर माडाची झापं. झापं तीन-चार दिवस आधी विणून ठेवा. हिरवी झावळं नुसती टाकली तर वाळून आकसतात आणि मध्ये आभाळ दिसतं. झापांच्या वर ताडपत्री तयार ठेवा, ‘डिसेंबरात कसला पाऊस’ म्हणू नका. २०१७ साली जयंती ३ डिसेंबरला होती आणि ओखी वादळाचा पाऊस ४-५ डिसेंबरला कोकण किनाऱ्यावर आला. ताडपत्रीला उतार द्या, नाहीतर पोटात पाणी साठून माटव खाली येतो.

खबरदारी: वाळलेली झापं ठिणगीने भडकतात. चुलाण माटवाला लागून नको. मधे मोकळी वाट आणि चुलीवर पत्र्याचं छप्पर ठेवा. विजेच्या वायरी झापांवर टाकू नका, वेगळ्या खांबांवरून न्या. वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवा. त्या बादल्यांतलं पाणी भांड्यांना वापरू देऊ नका.

जांभ्याच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ ताठ ब्रशने घासून शेवाळ काढा. म्हातारी माणसं अनवाणी चढतात.

टप्पा ५: पारायणाची मांडणी

प्रचलित सप्ताहाची विभागणी अशी: पहिला दिवस अध्याय १ ते ९, दुसरा १० ते २१, तिसरा २२ ते २९, चौथा ३० ते ३५, पाचवा ३६ ते ३८, सहावा ३९ ते ४३, सातवा ४४ ते ५३. थोडी वेगळी विभागणीही काही ठिकाणी चालते. आपल्या मठाची असेल ती पहिल्या दिवशीच पोथीत खुणा घालून ठरवा आणि सगळ्या वाचकांनी तीच धरावी.

पाचव्या दिवशी तीनच अध्याय आहेत म्हणून उशिरा बसू नका. छत्तिसावा अध्याय फार मोठा आहे. सातव्या दिवशी समाप्ती, आरती आणि नैवेद्य यांची साखळी असते, त्या दिवशी पहाटे पाचला पोथी उघडली पाहिजे. समाप्ती अकरापर्यंत झाली नाही तर नैवेद्य अडतो, नैवेद्य अडला की पंगत अडते.

वाचकांची बैठक वाऱ्याच्या तोंडी नको. अखंड दिव्याला दुसरा जोडदिवा लावून ठेवा, म्हणजे वात बदलताना ज्योत खंडित होत नाही. समईभोवती काच लावा, रात्री समुद्रावरून वारा येतो. दिव्याची पाळी वेळेसकट लिहून भिंतीवर लावा. पहाटे दोन ते चार ही पाळी नेहमी रिकामी सापडते, ती तरुणांना द्या.

टप्पा ६: कोठी आणि भांडी

पितळी टोप आणि तांब्याची पातेली पंधरा दिवस आधी उघडून पाहा. आतून पिवळा किंवा तांबूस डाग दिसला तर कल्हई गेलेली आहे. अशा भांड्यात कोकम, चिंच, ताक, काहीही आंबट घातलं तर अन्न कळकतं आणि माणसं आजारी पडतात. कल्हईवाले आता मोजकेच उरले आहेत, आज बोलावला आणि उद्या आला असं होत नाही. कल्हई झाली नाही तर सोलकढी स्टीलच्याच पिंपात करा.

१०० माणसांना कच्चा शिधा साधारण असा: तांदूळ १० किलो, वरणाची तूरडाळ ३ किलो, सांबाऱ्याचे काळे वाटाणे ३ किलो, भाजी ८ ते १० किलो, खिरीला गव्हाचा रवा अडीच किलो, गूळ ३ किलो आणि १० ते १२ नारळ. पानं किंवा पत्रावळी शंभराला ११५ धरा. केळीची पानं आदल्या संध्याकाळी कापा, उन्हात उघडी टाकू नका.

शिध्यात आलेल्या तांदळाची जात पाहा. उकडा, सुरय आणि जुना तांदूळ एकाच पिंपात ओतला की एक शिजतो, दुसरा कच्चा राहतो. येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर खडूने खूण करा आणि वेगळं ठेवा.

देवाच्या नैवेद्यासाठी घेवडा विसरू नका. दत्ताला घेवड्याची भाजी लागते, आणि ऐनवेळी बाजारात मिळेलच असं नाही. गावात कुणाच्या परसात वेल आहे ते आधी विचारून ठेवा.

टप्पा ७: चूल आणि पंगत

इथे आधी गणित. माटवात एका वेळी २०० पानं बसतात असं धरू. वाढणं, जेवणं, उष्टी काढणं, पुसणं मिळून एका पंगतीला ४० मिनिटं. १००० माणसांच्या पाच पंगती म्हणजे २०० मिनिटं, साडेतीन तासांच्या आत. साडेबाराला पहिली पंगत बसली तर चारपर्यंत शेवटची उठते. सूर्यास्त सहाच्या आसपास. मधल्या दोन तासांत झाडलोट, आंघोळी आणि कीर्तन. म्हणजे पहिली पंगत दीड वाजता बसली तर तो तास कीर्तनातून कापला जाणार. पंगत थांबवणारा माणूस कितीही मोठा असो, साडेबाराला पाणी सोडायचं.

वाटाणे आदल्या संध्याकाळी सातला भिजत घाला, भांडं दुप्पट मोठं. झोपण्याआधी एकदा पाणी बदला. सकाळी सातला उकडायला ठेवा आणि दाणा बोटात सहज चिरडेपर्यंत मीठ घालू नका. वाटप (खोबऱ्याचं वाटण) पहाटे करून ठेवू नका. ओल्या खोबऱ्याचं वाटप चुलीच्या उष्णतेत दोन-तीन तासांत आंबूस होतं. नारळ आदल्या रात्री सोला, सकाळी फोडा आणि लागेल तसं वाटा. सोलकढीचा रस तर पंगतीआधी तासभरच काढायचा.

भात सगळा एकदम शिजवू नका. एका टोपात १५ ते २० किलोच्या वर नको, खालचा करपतो आणि वरचा गिचका होतो. प्रत्येक पंगतीला नवा टोप उतरला पाहिजे. सकाळी आठला केलेली भाताची रास झाकून दुपारी तीनला वाढणं धोक्याचं आहे. वास येत नाही, पण पोटं बिघडतात. अन्न वाफाळतं असतानाच पानात पडावं.

चुलीवरून उतरलेलं पहिलं अन्न सोवळ्यातल्या नैवेद्याचं. ते वेगळ्या चुलीवर, वेगळ्या माणसाच्या हाती, आणि पावणेबाराला तयार.

तपासा: गॅस वापरत असाल तर १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आहेत का, आणि जास्तीचे सिलिंडर चुलीपासून लांब आहेत का? प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून थंड जागी ठेवला का? ताप, जुलाब किंवा हाताला जखम असलेल्या सेवेकऱ्याला वाढण्यावरून काढला का? तसं सांगायला संकोच करू नका. त्याला दुसरी सेवा द्या.

टप्पा ८: जन्म आणि पालखी

चारनंतर चुलीकडे नवं काही चढवायचं नाही. कीर्तनकारांना सूर्यास्ताची वेळ आधी सांगा आणि समोर घड्याळ ठेवा. साडेचारला उभे राहिले तर जन्माचा प्रसंग बरोबर वेळेवर येतो.

देणगीदारांचे सत्कार, पाहुण्यांची भाषणं या वेळात अजिबात नकोत. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं: सात दिवस उपाशी राहून पोथी वाचलेली माणसं मागे उभी असतात आणि पुढे शाल-श्रीफळ चाललेलं असतं. सत्कार करायचे तर पालखी परत आल्यावर, भजनाआधी, दहा मिनिटांत.

पाळणा आदल्या दिवशी बांधून ओढून पाहा. दोरी, फुलं, नवं वस्त्र आणि सुंठवडा एकाच परातीत गाभाऱ्याजवळ ठेवा. सुंठवडा सुकं खोबरं, सुंठ, खारीक, खसखस आणि साखर यांचा असतो. तो दोन दिवस आधी करता येतो, डब्याला मात्र ओला हात लागू देऊ नका. फुलं आणि अक्षता जन्माच्या दहा मिनिटं आधी सर्वांच्या हातात पोचल्या पाहिजेत. नाहीतर ऐन क्षणी अर्धी माणसं फुलं मागत असतात.

पालखीचा दांडा आणि कड्या दिवसाउजेडी तपासा. भोई जोडीजोडीने सारख्या उंचीचे निवडा आणि बदली जोड्या वाटेवर कुठे उभ्या राहणार ते ठरवा. मार्ग एकदा अबदागिरी (देवाची उंच छत्री) घेऊन चालून पाहा. खाली आलेली विजेची तार दिसली तर महावितरणला आठवडाभर आधी कळवा. गाड्या लावताना एक वाट रुग्णवाहिकेसाठी रिकामी ठेवा. १०८ला फोन केल्यावर मठाची खूण काय सांगायची, ते प्रवेशद्वारावरच्या माणसाला पाठ हवं.

टप्पा ९: दुसऱ्या दिवशी

ताडपत्री आणि वायरी दुपारपर्यंत उतरवा. उष्टी पानं गाईगुरांपासून दूर खड्ड्यात पुरा, त्यात प्लास्टिकचे पेले मिसळू देऊ नका. उसनी भांडी खुणेप्रमाणे मोजून परत करा, पितळी भांडी चिंचेने घासून कोरडी करूनच कोठीत ठेवा. शेताच्या मालकाच्या बांधाला धक्का लागला असेल तर त्याच दिवशी नीट करून द्या. जमा, खर्च, उरलेला शिधा आणि किती पानं उठली हे आठ दिवसांत मठाच्या फळ्यावर लिहा. पानांचा आकडा पुढच्या वर्षी शिधा भरताना लागतो.